एका छत्रीचं पक्षांतर

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो. डोक्यावर धरून शाळेत न्यायची नव्हे. लोखंडी पायावर चौकात उभी राहणारी, एक टेबल आणि चार माणसं सहज झाकणारी मोठी छत्री. परवापर्यंत माझा मुक्काम जर्मनीतल्या एश्बॉर्न गावात, एका इमारतीच्या तळघरात, सायकलींच्या शेजारी होता. माझ्या अंगावर पूर्वी एका राजकीय पक्षाचं नाव होतं. कुठल्या, ते विचारू नका. उतारवयात वाद नकोत.

कारखान्यात माझ्याबरोबर शिवलेल्या बहिणी निरनिराळ्या पक्षांकडे सासरी गेल्या. कापडाला कुठं स्वतःचं मत असतं? ज्यानं मागणी नोंदवली त्याचं नाव अंगावर छापून घ्यायचं आणि निमूट उभं राहायचं. माझ्या वाट्याला आले फोक्ट नावाचे निवृत्त शिक्षक. पक्षाचं गावातलं सगळं काम तेच बघत. दर शनिवारी बाजाराच्या वेळी ते मला चौकात उभी करत आणि मला पुसल्याशिवाय कॉफीला हात लावत नसत. निवडणूक आली की माझा थाट काय वर्णावा! माझ्याखाली मुलांना फुगे मिळत, मोठ्यांना पेनं आणि पत्रकं.

त्या काळात जर्मन सरकार परदेशातून संगणक अभियंत्यांना बोलावत होतं. पाच वर्षांची मुदत, पुढचं पुढं. त्यावरून पक्षापक्षांत जुंपली होती. फोक्टसाहेब माझ्याखाली उभे राहून सांगत, "आधी आपल्या माणसांना काम. बाकीच्यांचं मग बघू." लोक माना डोलवत. मलाही ते रास्त वाटे. मी तर सावलीच देत होते, वाईट काय करत होते?

निवडणुकीच्या तोंडावर एका शनिवारी अचानक सर आली आणि एक बाई छोट्या मुलीचा हात धरून माझ्याखाली शिरली. ती नंदिनी, आणि मुलगी अन्वी. पुण्याहून आलेल्या. नवरा शिरीष त्याच पाच वर्षांच्या मुदतीवर इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. फोक्टसाहेबांनी अन्वीला फुगा दिला आणि नंदिनीला विचारलं, "आपण काय करता?"

"मीही इंजिनिअर आहे," ती म्हणाली. "पण मला इथे काम करायची परवानगी नाही."

 फोक्टसाहेबांनी तिला एक पेन दिलं.

त्या निवडणुकीनंतर माझी एक काडी मोडली आणि माझे दिवस फिरले. पक्षाला नवी छत्री मिळाली. मला नेऊन ठेवलं रस्त्याच्या कडेला, श्पेरम्युलमध्ये. म्हणजे घरातलं मोठं सामान टाकायचा ठरलेला दिवस. मोडक्या खुर्चीला टेकून मी पडले होते. कालपर्यंत मला रुमालानं पुसणारे हात आठवत होते आणि फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात कोन्सुएलोबाई आल्या. या मूळच्या स्पेनच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्यामागून इथं आलेल्या, आता एकट्या. लोकांनी टाकलेल्या वस्तू उचलून आणायच्या आणि त्यांना धडधाकट करायचं हा त्यांचा छंद. त्यांना एकटीला मी उचलेना, म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला हाक मारली. ती शेजारीण म्हणजे नंदिनी! दोघींनी मला फरफटत मागच्या अंगणात नेलं.

संध्याकाळी शिरीष घरी आला आणि दारातच थबकला. "अगं, पक्षाची छत्री? लोकांना वाटेल आपण प्रचाराला लागलो."

"वाटू दे की," नंदिनी म्हणाली. "मत द्यायची सोय नाही, प्रचार तरी करू."

कोन्सुएलोबाईंनी काडी बांधली. नंदिनीनं जुनं इरकली लुगडं फाडून पक्षाच्या नावावर ठिगळ लावलं. निळ्या कापडावर लाल काठ. असं माझं पक्षांतर झालं, मित्रांनो, आणि तेही कुठलंही पद न मागता!

मराठी मी त्या अंगणातच शिकले. अन्वी मात्र आईनं मराठीत विचारलं तरी जर्मनमध्येच उत्तर द्यायची. माझ्या सावलीत बसून नंदिनी मटार सोलायची, कोन्सुएलोबाई विणकाम करायच्या, आणि दोघींच्या मोडक्या जर्मनमध्ये गप्पा रंगायच्या. तेव्हा मला कळलं की नंदिनी आणि शिरीष एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होते आणि तिचे मार्क जास्त असायचे. इथे त्याच्या पासपोर्टात कामाचा परवाना होता, तिच्या पासपोर्टात 'काम करण्यास मनाई' असा शिक्का. वर्षभरानं गावातल्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. पण आधी सरकारी कचेरीनं बघायचं, की त्या जागेसाठी कुणी जर्मन किंवा युरोपातला माणूस मिळतो का. मिळाला. नंदिनी त्या दिवशी माझ्याखाली बसून खूप रडली.

कोन्सुएलोबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. "माझा भाऊ येणार होता, बॅग भरून तयार," त्या म्हणाल्या. "इथल्या सरकारनं बाहेरची माणसं घेणं बंद केलं. तो आयुष्यभर गावीच बेकार राहिला. मग काही वर्षांनी आमचा देश यांच्या युरोपीय संघात आला आणि एका सकाळी मी आपल्यातली झाले. तोच चेहरा, तीच भाषा, तोच लसणाचा वास. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

मित्रांनो, माझ्या काड्यांतून तेव्हा काहीतरी सरकलं. 'आपली माणसं' हे शब्द मी किती शनिवार ऐकले होते! आपलं कोण हे कुठंतरी दूर, हात वर करून ठरतं, हे मला कुठं माहीत होतं? पुढं परदेशी माणसांसाठी नवा कायदा आला, नंदिनीला आशा वाटली. पण सभागृहात मतं मोजण्यावरून पक्षांचं भांडण कोर्टात गेलं आणि कायदा बारगळला. शिरीषची पाच वर्षं सरत होती. पुण्याला परतावं लागलं तर तिथं तरी इतक्या खंडानंतर नोकरी कोण देणार, ही काळजी नंदिनीला आत पोखरत होती.

आणि मग तो फलक लागला. गल्लीच्या उन्हाळी उत्सवाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शिर्महेर पाहिजे.'

नंदिनी जर्मनच्या वर्गाला जात होती. शिर्म म्हणजे छत्री, हेर म्हणजे गृहस्थ. "शिरीष, त्यांना छत्रीवाला हवाय! आपल्याकडे आहे ना छत्री. चल, उचल."

"नक्की असंच लिहिलंय?"

"गेनाऊ! अगदी असंच!" नंदिनी ठसक्यात म्हणाली.

त्या दोघांनी आणि कोन्सुएलोबाईंनी मिळून मला उत्सवाच्या बैठकीत नेलं आणि नंदिनीनं ऐटीत उघडलं.  खोलीत हशा पिकला. टेबलाच्या टोकाला फोक्टसाहेब बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी शिक्षकी सवयीनं समजावलं, की शिर्महेर म्हणजे छत्रीवाला नव्हे. ज्याच्या नावाच्या आश्रयाखाली समारंभ होतो, तो मानाचा माणूस.

नंदिनीचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही मला मिटून पळणार. पण ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे छत्रपती! आमच्या भाषेत हाच शब्द आहे. छत्राचा स्वामी. आमच्याकडे तो राजाला म्हणतात, आणि त्याच्या छत्राखाली रयत सुखी असावी अशी अपेक्षा असते." मग तिनं माझ्या दांड्यावर हात ठेवला. "या छत्रीखाली मी एकदा उभी होते, हेर फोक्ट. मला पेन मिळालं. मला काम हवं होतं."

फोक्टसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लुगड्याच्या ठिगळाखालून पक्षाच्या नावाचं एक अक्षर अजून डोकावत होतं. त्यांनी मला ओळखलं.

"मी पक्षात बोलतो," ते हळूच म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. या खेपेला ते खरोखर बोलले का, मला माहीत नाही. पण त्यांनीच नंदिनीचं नाव शिर्महेरिन, म्हणजे बाई शिर्महेर, म्हणून सुचवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मानाचं पद तेवढं मिळालं. त्याला पगार नसतो, म्हणून परवानगीही लागत नाही. उत्सवाच्या दिवशी माझ्याखाली साबुदाणे वडे आणि कोन्सुएलोबाईंचं बटाट्याचं जाड ऑम्लेट विकलं गेलं. फोक्टसाहेबांनी दोन्ही खाल्लं. माझी आई शिर्महेरिन आहे, असं अन्वी सगळ्यांना जर्मनमध्ये सांगत होती, "माइनं मामा इस्ट शिर्महेरिन!" आणि मग आईकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "छत्रपती."

पुढच्या वर्षी पक्षांची एकदाची तडजोड झाली. नव्या कायद्यात एक ओळ होती: नवऱ्याला काम करता येत असेल, तर बायकोलाही येईल. पासपोर्टातला शिक्का बदलला. बाई तीच, डिग्री तीच. शिरीषचीही मुदत वाढली. अनेक नकार पचवून, आपल्याहून लहान मुलांच्या हाताखाली, नंदिनी नोकरीला लागली. हुकलेली वर्षं मात्र तिला कुणी परत दिली नाहीत.

आणि मी? अंगणात बसायला वेळ कुणाला? मला मिटून तळघरात ठेवलं. कोन्सुएलोबाईही गेल्या. धूळ बसली, कापड विरलं. कधी कधी फार एकटं वाटायचं, पण नंदिनी सकाळी धावत गाडी पकडायला जाताना तिच्या बुटांचा आवाज जिन्यातून खाली यायचा आणि मला बरं वाटायचं.

परवा तळघराचं दार उघडलं. नंदिनीबरोबर एक अनोळखी तरुण बाई होती. वरच्या मजल्यावर नवीनच आलेली, डोळे सुजलेले, हातात पासपोर्ट. कुठल्या देशाची, ते मला कळलं नाही. नंदिनीनं मला रुमालानं पुसलं, अगदी फोक्टसाहेबांसारखं, आणि दोघींनी मला अंगणात उभी केली.

मित्रांनो, आम्हा छत्र्यांची एवढीच विनंती आहे. आम्हाला ओलं मिटू नका, आम्ही कुजतो. आणि उद्या मोठे व्हाल, मत द्याल, चौकात आपली छत्री उघडाल, तेव्हा आमच्या कडेला कोण भिजतंय ते बघा आणि जरा सरकून घ्या.