कान कोणी टोचावा

सरकारी कागदावर प्रांताचं नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं होतं, आणि नागपूरचे मोठे डॉक्टर सहसा त्या 'व'च्या अलीकडेच थांबत. म्हणून त्यांतले एक कानाचं ऑपरेशन शिकवायला स्वतः बुलढाणा जिल्ह्यात येणार म्हटल्यावर तालुक्याच्या दवाखान्यापुढे मांडव पडला. कमानीला आंब्याची पानं लागली. जिल्हाभरातले सहा डॉक्टर पांढरे कोट इस्त्री करून हजर झाले. कानामागचं हाड छिन्नीनं कोरून आतला पू कसा काढायचा, ते त्यांना शिकायचं होतं. आता फक्त एक कान हवा होता.

कान मांडवाबाहेर कडुलिंबाखाली पडून होता. तो नऊ वर्षांच्या कोकिळेचा.

कोकिळा ही रोहिणखेडच्या गोजरबाईची लेक. पोरीचा कान फुटलेला, म्हणजे वर्षानुवर्षं वाहत असलेला. आता तो वाहायचा थांबला होता आणि मागे एवढी सूज आली होती की कान पुढे झुकून कोणाचं तरी गुपित ऐकतोय असं वाटावं. ऐकू काहीच येत नव्हतं. अंगात ताप फणफणत होता. नवरा निवृत्ती दोघींना बैलगाडीनं सोडून वांग्याला पाणी द्यायला परतला होता, तेव्हापासून गोजरबाई रोज दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती आणि रोज तशीच उतरत होती.

"दाक्तरसायेब, पोरगी डोये उघडून नाही राह्यली," ती आजही म्हणाली.

दवाखान्याचे डॉक्टर भगवंतराव कमानीवरचं 'सुस्वागतम्' सरळ करत होते. "थेंब घातलेस ना?"

"थेंब वरून घातले तं वरूनच वाहून गेले. सूज मांगून आली ना! इतके कोटवाले उभे हायेत, एकानं पाह्यलं तं काय बिघडते?"

"आज मोठ्या केसचा दिवस आहे, बाई. केस ठरली आहे. तू थेंब घालत राहा."

ठरलेली केस म्हणजे पंजाबराव पाटील. मांडव त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, आणि कानामागे सुपारीएवढी गाठही त्यांचीच. गाठ जुनी होती, दुखत नव्हती, उलट पाटील तिला कुरवाळतच गावचे निवाडे देत. पण नागपूरच्या डॉक्टरच्या हातून, मांडवात, चारचौघांसमोर काही कापून घ्यायचा मान दुसऱ्या कोणाला जावा, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

"म्हंजे दुखणंबी मानाचंच पाह्यजे," गोजरबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली. उतरताना तिनं कमानीतलं एक आंब्याचं पान ओरबाडलं. तेवढ्यानं तिडीक जाणारी नव्हती, पण हाताशी तेवढंच होतं.

मोठे डॉक्टर मोटारीतून उतरले. त्यांनी पाटलांची गाठ दाबून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "सुई टोचून पाहिलीत का, भगवंतराव? आत पू आहे की आणखी काही, ते कळल्याशिवाय कापायचं नसतं. मी हातपाय धुऊन येतो, तोवर टोचून ठेवा."

भगवंतरावांनी सुई उकळली. पाटलांनी मान मागे घेतली.

"थांबा डॉक्टर. कान कोण टोचते?"

"मीच, पाटील."

"तुमी सोनार आहा का? आमच्या खानदानात कान सोनारानंच टोचला. सोनारानं टोचला तं दुखत नाही. बलवा मोतीरामले!"

कोणी हसलं नाही, कारण खुर्च्या पाटलांच्या होत्या. मोतीराम सोनाराला दुकानातून उचलून आणलं आणि पाटलांचा कान टोचायचाय, एवढंच सांगितलं. मोतीराम सांगकामा माणूस. त्यानं पाटलांच्या कानाची पाळी चोळली, सोन्याची तार आरपार घातली आणि तिला पीळ दिला.

"झालं. हळद-तेल लावत जा," तो म्हणाला. "रडलेबी नाही पाटील."

मुळीच दुखलं नाही, असं पाटलांनीही सर्वांना सांगितलं.

मोठे डॉक्टर परतले तेव्हा सहा डॉक्टर एका बाळीकडे पाहत उभे होते. त्यांनीही ती पाहिली. मग कोणाला काही न विचारता त्यांनी स्वतःच गाठीत सुई घातली. पाटील किंचाळले, मोठ्या डॉक्टरांना सोनारकाम येत नव्हतं. पिचकारीत घट्ट दह्यासारखं पांढरं काहीतरी आलं.

"चरबीची गाठ," ते म्हणाले. "कानाशी हिचा संबंध शेजारापुरता. हाड कोरायचं कारण नाही."

रोग रद्द झाला, पण मांडव रद्द होईना. भगवंतराव हळूच म्हणाले, "साहेब, हाड तर सगळ्यांचं सारखंच असतं. शिकण्यापुरतं थोडं कोरलं तर?"

हे ऐकून पाटील बाळीसकट उठले आणि पहिल्या रांगेत प्रेक्षक होऊन बसले.

तेव्हा भगवंतरावांना कडुलिंब आठवला. ते धावतच आले. "बाई, तुमची मुलगी फार छान केस आहे हो!"

मघापर्यंत 'तू' असलेली गोजरबाई एका गाठीपायी 'तुम्ही' झाली होती. तिनं पदर खोचला. हात उचललाच होता. पण मांडीवर पोरीचं डोकं विस्तवासारखं तापलेलं, आणि या माणसाच्या थोबाडीत देण्यापेक्षा त्या तापाची घाई जास्त होती. तिनं पोरीला उचललं आणि मांडवातून नेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवलं.

त्यांनी नवी सुई सुजेत घातली. पिचकारी पिवळ्या पुवानं भरली. त्यांचा चेहरा उतरला.

"ही मुलगी कधीपासून इथं आहे?"

सहाही डॉक्टर आपापले कोट न्याहाळू लागले.

"मांडव पडाच्या आधीपासून," गोजरबाई म्हणाली.

"पू मेंदूकडे निघालाय. आत्ता घ्या, आत घ्या!" मोठ्या डॉक्टरांनी छिन्नी-हातोडी सवयीनं भगवंतरावांपुढे धरली. शिकवायचं तर हत्यार शिकणाऱ्याच्याच हाती द्यावं लागतं.

गोजरबाई मधे उभी राहिली. "यायच्या हाती नाही. ज्याले बाहेरची सूज दिसली नाही त्याले आतला पू काऊन दिसन? शिकू द्या त्याहिले, मी नाही कुठं म्हनते? पण माह्या पोरीवर हात तुमचा. यायच्या हाती बत्ती द्या."

मोठ्या डॉक्टरांनी हातोडी मागे घेतली. "बत्ती धरा, भगवंतराव. आणि हलवू नका."

पोरीला क्लोरोफॉर्म हुंगवला, दार लागलं. आतून ठोके ऐकू येऊ लागले, आणि बाहेर गोजरबाई दर ठोक्याला एक शिवी देत राहिली. रोहिणखेडच्या शिव्या संपल्या तेव्हा तिनं माहेरच्या काढल्या. त्याही सरत आल्या तेव्हा दार उघडलं.

"वाचली," मोठे डॉक्टर म्हणाले. "पू सगळा निघाला. त्या कानानं ऐकू येईल की नाही, ते मात्र आज सांगता येत नाही. थोडं आधी आणलं असतं—"

"आनलं व्हतं," गोजरबाई म्हणाली.



मांडवात हार तयार होताच. तो पाटलांच्या गळ्यात पडला. भगवंतराव बत्ती धरून धरून अवघडलेला खांदा चोळत बाहेर आले.

"बाई, पाटलांपुढे हात जोडून या. त्यांच्याच आश्रयानं झालं सगळं. आणि एक सांगतो, चारचौघांत डॉक्टरला असं बोलू नये. माणूस दुखावतो."

गोजरबाईनं बाहेर आणलेल्या कोकिळेच्या डोक्यावरची पट्टी हलक्या हातानं चाचपली. मग ती पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सोनारानं कान टोचला तं दुखत नाही म्हनते. मी माळीण आहो, दाक्तर. दुखू द्या."