सात पेशंटांचा सख्खा काका

"हलला! हात हलला! बाबांनी हाक मारली आणि हात हलला!"

अपघात विभागाच्या काचेबाहेर एकच गलबला उडाला. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागले, पुढच्यांची नाकं काचेला लागून चपटी झाली. आत चार नंबरच्या खाटेवर एक रंगारी निजला होता. दुसऱ्या मजल्याची भिंत रंगवताना परांचीवरून तो थेट डोक्यावर पडला, त्याला पाच दिवस झाले होते. तोंडात नळी, डोक्यात तार, डोळे मिटलेले. त्याच्या कानाशी वाकून पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ लाडिक आवाजात म्हणत होते, "बाळा, फार लांब गेलास रे. फिर मागे!" त्यांनी रंगाऱ्याचं बोट मुठीत धरलं आणि रंगाऱ्यानं हात झटकन मागे ओढला.

बाहेर दोघीजणी रडल्या. एकानं हात जोडले. तीन दिवस बाकावर बसून अवघडलेल्या एका आजोबांनी, बाबा गुडघ्यांचंही बघतात का, अशी चौकशी केली.

या बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बेशुद्धांना उठवतात म्हणून लोक त्यांना उठवेबाबा म्हणत. आजवर त्यांच्या हातून पुरतं असं कुणी उठलेलं नव्हतं, पण हललेले बरेच होते. भक्तांना तेवढं पुरतं.

सगळ्या गर्दीत एकच व्यक्ती न रडता, हात न जोडता वहीत काहीतरी लिहीत होती. त्या नोंदबाई. डोक्याला मार लागलेल्यांवर कोणते उपचार कधी केले तर किती माणसं तगतात, यावर या इस्पितळात संशोधन चालू होतं. त्यासाठी नोंदबाई गेली चार वर्षं तासातासाला प्रत्येक खाटेची नोंद करत. डोळे उघडले का? आवाज काढला का? हात-पाय हलवले का? 'छान' आणि 'अरेरे' या शब्दांना त्यांच्या वहीत रकाना नव्हता. आणि त्यांचा एक नियम होता: आपण लिहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. शिवाय, त्या म्हणत, तोंड घालायला इथे माणसांचा तुटवडा नाही.

त्यांनी लिहिलं: 'खाट चार. सकाळी दहा. डोळे नाहीत. आवाज नाही. हात मागे घेतला.'

रंगाऱ्याची ताई मात्र हरखून गेली होती. आईबाप लवकर गेले. शिवणकाम करून तिनंच त्याला वाढवलं होतं. दुकानातून उठून आली होती ती अजून तशीच होती. सुई टोचू नये म्हणून उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातलेलं पितळी अंगुस्तान काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"दोन बैठका झाल्या, ताई," बाबा म्हणाले. "उद्या तिसरी. मग डोळे उघडेल, ही माझी हमी. पण डोक्याला हत्यार लावू देऊ नका! जाणीव म्हणजे कबूतर. कवटीला खिडकी पाडली की भुर्रकन उडालं!"

कबूतर खिडकीतून परतही येतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याच्या उशाशी असलेल्या पडद्यावरचा आकडा चढू लागला. डोक्यातल्या दाबाचा तो आकडा. अठरा. बावीस. नऊ वाजता सव्वीस.

मोठे डॉक्टर आले. औषधं वाढवली. सिस्टरला म्हणाले, "चार नंबरचं पांढरं औषध आज अजिबात थांबवायचं नाही. वाढवा." मग ते ताईकडे वळले.

"ताई, मेंदूला सूज चढत चालली आहे. कवटी हा बंद डबा. आत जागा नाही. हाडाचा एक तुकडा काही दिवस काढून ठेवायचा, म्हणजे सुजेला जागा होईल. अकरा वाजायच्या आधी ऑपरेशनला घ्यायला हवं. तुमची सही लागेल."

"तो वाचेल?"

"शक्यता वाढेल. वाचला तरी पहिल्यासारखा होईल असं सांगता येणार नाही."

"बाबा हमी देतात."

हमी देण्याच्या कामात डॉक्टर नेहमीच मागे पडतात, कारण त्यांना दुसऱ्या दिवशीही त्याच खाटेपाशी उभं राहायचं असतं.

"दहाला बाबा येतायत," ताई हट्टानं म्हणाली. "तिसरी बैठक होऊ दे. काल हलला ना? माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

डॉक्टर ऑपरेशनची तयारी करायला धावले. संमतीचा बिनसहीचा कागद ताईच्या हातात राहिला.

नोंदबाईंनी वही मिटली. त्या दाराशी गेल्या आणि भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर चाळू लागल्या. आत फक्त नातेवाइकांना सोडत. उठवेबाबांची सही त्यात वेळोवेळी सापडली. नात्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी 'काका'. दोन नंबरचे काका, चार नंबरचे काका, सहा नंबरचे काका. गेल्या महिन्याभरात ते सात पेशंटांचे सख्खे काका झाले होते. आणि येण्याची वेळ? दर वेळी सकाळी दहा. भेटायची दुसरी वेळ दुपारी चारची, पण तेव्हा एकदाही नाही.

त्यांनी आपली वही उघडली. बोट एका रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. घड्याळात साडेनऊ झाले होते. आता नियम मोडायला हवा होता.

"ताई," त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "ऐका. आज बाबा बोट धरतील, तेव्हा तुमच्या भावाचा हात हलणार नाही."

"अभद्र बोलू नका!"

"आणि समोरच्या सहा नंबरचा हलेल. बाबा तिकडे फिरकले नाहीत तरी."

"तुम्ही कोण? ज्योतिषी?"

"नाही हो. कारकून. तसं झालं तर माझं पाच मिनिटं ऐकाल?"

ताई पडद्याकडे वळली. पडद्यावर सत्तावीस उमटलं.

दहाला काका आले. काचेबाहेर गर्दी दाटली. बाबांनी डोळे मिटले, कानाशी वाकले. "बाळा, फिर मागे!" बोट मुठीत धरलं.

काही नाही.

"बाळा!" आवाज जरा चढला. लाडिकपणा जरा उतरला. मूठ आवळली. बाबांच्या कपाळावर घाम आला. रंगाऱ्याचा हात ओल्या फडक्यासारखा पडून होता.

ताई खाटेजवळ सरकली. "बाबा? का हलत नाही हो? काय झालं त्याला?"

बाबांनी डोळे उघडले आणि चौफेर फिरवले. "इथे कुणीतरी शंकेखोर आहे! शंकेची भिंत उभी राहिली की माझी हाक पोचत नाही. उद्या चौथी बैठक घेऊ."

"उद्या?" ताई म्हणाली. पडद्यावर अठ्ठावीस झालं होतं.

"सिस्टर," नोंदबाई म्हणाल्या, "सहा नंबरची दहा वाजताची तपासणी राहिली ना? करून घ्या."

सिस्टरनं खिशातून पेन्सिल काढली. टोक कुणीतरी चावलेली, साधी पेन्सिल. सहा नंबरच्या खाटेवर एक बेशुद्ध ड्रायव्हर होता. सिस्टरनं ती त्याच्या नखावर आडवी ठेवून दाबली. ड्रायव्हरनं झटकन हात मागे घेतला.

काचेबाहेरून एक "अगं बाई!" ऐकू आलं. फरशी पुसणाऱ्या मावशी काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "ही तपासणी रोजचीच. आम्ही कधी टाळ्या नाही वाजवल्या."

"ताई, पेशंटांना पांढऱ्या औषधानं गाढ झोपवून ठेवतात," नोंदबाई भरभर बोलू लागल्या. "ज्यांचा दाब ताब्यात असतो, त्यांचं ते रोज साडेनऊला थोडा वेळ थांबवतात, मेंदू कितपत शुद्धीवर आहे ते बघायला. दहापर्यंत झोप उतरते. मग नख दाबलं की हात मागे येतो. बाबा येण्याआधीचे तीन दिवस बघा. दहा वाजता, हात मागे घेतला. दहा वाजता, हात मागे घेतला. तेव्हा कुठले बाबा होते? आज तुमच्या भावाचं औषध थांबवलेलंच नाही, उलट वाढवलंय. म्हणून हात गप्प आहे. बाबांना तेवढं कुणी सांगितलं नाही."

"थोतांड!" बाबा गरजले. "वेळापत्रकं मला काय ठाऊक!"

"दारावर लावलंय," मावशी म्हणाल्या.

खरंच लावलं होतं. बोटभर जाडीच्या अक्षरांत: 'रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा झोपेचे औषध थांबवून तपासणी.' महिनाभर साऱ्या नातेवाइकांनी त्या फलकाला पाठ टेकून त्याच्याखाली डबे खाल्ले होते. वाचला होता एकट्या बाबांनी.

ताईनं भावाचा हात उचलून जवळ धरला. तर्जनीच्या नखावर निळी कोर उमटली होती. तिनं वळून बाबांच्या हाताकडे पाहिलं. जाडजूड अंगठी, खडा तळव्याकडे फिरवलेला.

आयुष्यभर सुईशी खेळलेल्या बाईला नखाचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

"बाबा, जरा हात द्या," ती शांतपणे म्हणाली. बाबांनी आशीर्वाद द्यायचा समजून दिला. ताईनं त्यांच्या नखावर पितळी अंगुस्तान टेकवलं आणि सगळा जोर लावला.

"आई गं!" बाबांनी हात झटकन मागे ओढला.

"बाबाही उठले बघा," मावशी म्हणाल्या.

पण ताई हसली नाही. "दुखतं म्हणून मागे येतो हात. एवढंच," ती म्हणाली. "आणि मी तेवढ्यावर विसंबून माझ्या भावाचा अख्खा तास घालवला." कागद भिंतीला लावून तिनं सही केली. सहा मिनिटांत खाट ऑपरेशन थिएटरच्या दिशेनं धावली. काका कधी पसार झाले, ते रजिस्टरलाही कळलं नाही. जाण्याची वेळ कोरीच राहिली.

रंगारी वाचला. खोटं कशाला सांगा, पहिल्यासारखा नाही झाला. डावा हात लुळा आहे, शब्द शोधावे लागतात, परांचीवर तो आता चढत नाही. दुकानात ताईच्या शेजारी बसून तो कापडांचे रंग निवडतो, आणि त्यात मात्र तो कुणाचं ऐकत नाही. तासभर आधी ऑपरेशनला घेतलं असतं तर तो हात राहिला असता का? नोंदबाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, "एका माणसावरून सांगता येत नाही. म्हणून तर वही."

ताई मात्र दर आठवड्याला तासभर इस्पितळात येते. नवे नातेवाईक फलकाला पाठ टेकून बसलेले असतात. ती त्यांना उठवते, अंगुस्तानानं फलकावर टकटक करते आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लावते. कुणी कुरकुर केली तर म्हणते, "चमत्कार दिसला तर नमस्कार खुशाल करा. पण आधी एक विचारा. बाबा नव्हते, तेव्हा काय होत होतं?"