आजाऱ्यांच्या चिठ्ठ्या

प्रार्थनाघराच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. घरात कुणी आजारी पडलं की गल्लीतली माणसं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून तीत टाकत. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं नाही, असा रिवाज. प्रार्थना चालवत गल्लीतल्या शिंपिणीचे बाबा; दर आठवड्याला ते ती नावं मोठ्यानं वाचत आणि सगळी गल्ली डोळे मिटून घेई.

मग निवडणूक आली आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा एका उमेदवाराच्या व्यासपीठावर चढले. "यांना मत म्हणजे देवाला मत," म्हणाले. उमेदवार निवडून आला. तेव्हापासून पेटी मागण्यांनी भरून वाहायची: मुलाची नोकरी, मेहुण्याची बदली, दुकानाचा परवाना. आजाऱ्यांची नावं मात्र आटत आटत संपली.

पेटी उघडायचं काम शिंपिणीचं. कडेवर तान्हं घेऊन ती चिठ्ठ्या निवडायची.

"आज कोण कोण गं?" बाबा विचारायचे.

कुणीच नाही, असं सांगायला तिची जीभ रेटेना. शेवटी शिवणाच्या दुकानात कानावर आलेली दुखणी ती स्वतःच लिहू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहिलं, सुताराची बायको.

सुतार बाबांचा लहानपणचा दोस्त. निवडणुकीपासून अबोला. ते नाव बाबांनी दोनदा वाचलं. प्रार्थना संपताच ते चपला शोधू लागले.

"बघितलंस? टाकलीच ना चिठ्ठी शेवटी, खडूसानं!"

"बाबा, नंतर जा. ऊन केवढं आहे."

"त्याच्याकडे जायला मला आता छत्री लागते होय?"

तान्ह्याला सावरत ती मागे धावली.

सुतार फळीवर रंधा मारत होता. उठला नाही.

"वहिनी कशा आहेत?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. चिठ्ठी टाकलीस ना!"

"मी?" रंधा थांबला. "देव तुमच्या बाजूला आहे म्हणालास. मी मत दुसऱ्याला दिलं. मग माझ्या बायकोसाठी तू कुणाकडे शब्द टाकणार?"

"अरे, ते निवडणुकीपुरतं होतं."

"तुझं बोलणं आम्ही कधी कशापुरतं धरलं नव्हतं रे."

आतून खोकल्याची उबळ आली. मग दमलेला आवाज, "त्यांना चहा तरी विचारा."

सुतारानं विचारला. पाहुण्याला विचारतात तसा. बाबांनी नको म्हटलं.

परतताना बाबांनी मागे वळून विचारलं,

"चिठ्ठी तुझी?"

"हो, बाबा."

"आणि आधीच्या?"

"त्याही मीच लिहिल्या."

"नावं कमी झाली तेव्हा मला वाटलं, यंदा गल्लीची तब्येत बरी आहे," बाबा म्हणाले.

तिला रडू आवरेना. तान्हं टकामका तिच्याकडे बघत राहिलं.

कोपऱ्यावर न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर चारपाच जण गप्पा हाणत बसले होते. पूर्वी बाबा दिसले की ते बसल्या जागी सरकून त्यांना जागा करून देत. आज सगळे झटकन उठून उभे राहिले, आणि बाबा पुढे जाईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.