ठेवणाऱ्याचं नाव

भर उन्हाळ्यात जपानमधल्या कोबे शहराच्या टेकडीवर सेमी नावाचे किडे झाडाझाडांतून किरकिरत असतात. तो आवाज इतका अखंड असतो की थोड्या दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो आणि दुपार स्वतःच किरकिरते आहे असं वाटू लागतं. मग कुणास ठाऊक कशाने, एखादं अख्खं झाड एकदम गप्प होई. आमच्या इमारतीत अशा वेळी एकच माणूस मान वर करी: तळमजल्यावरच्या नोराबाई. आवाजाने दचकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आवाज थांबल्यावर दचकणाऱ्या त्या एकट्याच. हातातला कप बशीच्या वर अधांतरी राही, फिकट डोळे खिडकीकडे न जाता खोलीतल्या कुठल्याशा रिकाम्या जागेवर स्थिरावत, आणि झाड पुन्हा बोलू लागेपर्यंत त्या श्वास घेत नसाव्यात अशी मला शंका येई.

नोराबाई हे नाव माझं. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, त्यांना मी नुसतं नोराच म्हणे. पण पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या त्या बाईंना मनातल्या मनात एकेरी हाक मारायला माझी मराठी जीभ तयार होत नसे. आयर्लंडच्या सीमेलगतच्या एका छोट्या गावातून त्या इथे इंग्रजी शिकवायला आल्या आणि राहून गेल्या. आम्ही आलो ते नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमागून, नव्वदच्या दशकात, भूकंपानंतरच्या कोबेत. शहरभर क्रेनचे सांगाडे उभे होते, मोकळ्या पडलेल्या जागांवर उंच गवत माजलं होतं, आणि दिवसभर कुठे ना कुठे काहीतरी ठोकलं जात असे. त्या ठोकाठोकीचा नोराबाईंना काही त्रास नव्हता. पिवळं पडायला निघालेल्या गिंकोच्या झाडासारखे त्यांचे केस, अर्धे तांबूस अर्धे फिके, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात क्षणभर पेटल्यासारखे दिसत. चहा फार कडक करत. काचेजवळ कधीही बसत नसत.

ऐलीन ही त्यांची धाकटी बहीण. सत्तरच्या दशकात, तिकडे बॉम्बस्फोटांचे दिवस असताना, एकोणीस वर्षांची ती केस कापून घ्यायला म्हणून बाजारपेठेत गेली. परतताना ज्या मोटारीजवळून ती चालली होती, त्या मोटारीत बॉम्ब होता. नोराबाई तीन गल्ल्या पलीकडे, घरात होत्या. स्फोटाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. त्यानंतर गावावर पसरलेल्या शांततेबद्दल मात्र एकदा बोलल्या. "कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत," एवढंच. शवपेटी बंदच आली. ऐलीनचे नवे कापलेले केस कसे दिसत होते, ते घरातल्या कुणीही कधी पाहिलं नाही.

ती मोटार तिथे कुणी आणून उभी केली, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि तपास सुरू होता होता कुणी गुंडाळला, हेही. सूड नको होता, भरपाई नको होती, पुतळा तर नकोच होता. त्या दुपारी ज्यांची माणसं गेली त्यांची काही घरं वर्षानुवर्षं चर्चच्या एका थंड खोलीत जमत, जाहीर चौकशीची मागणी करत, आणि दर वर्षी त्या खोलीतल्या एखाददुसऱ्या खुर्चीवर बसणारं कुणी उरलेलं नसे.

मग तिकडे शस्त्रं थांबली, करार झाला, पुढारी एकमेकांचे हात धरून हसले, आणि सगळ्यांनाच एकदम भविष्याचा पुळका आला. त्याच वर्षी त्यांच्या देशाचे एक प्रतिष्ठित पाहुणे कोबेत आले. बंदरावरच्या हॉटेलात समारंभ झाला. नोराबाईंनी मला सोबत नेलं. पाहुण्यांच्या कोटावर सोन्याची छोटीशी वीणा, आयर्लंडचं राजचिन्ह, होती आणि भाषणात पूल, जखमा, पहाट असा सगळा ऐवज होता. अशी भाषणं मी पुण्यातही ऐकली आहेत. फक्त शाल आणि नारळ नव्हते. भाषण संपल्यावर नोराबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पहाट झालीच आहे, तर आता दिसेल ना, कोण होतं ते?"

"आपल्या भावनांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे," पाहुणे म्हणाले, आणि चीज लावलेलं एक बिस्कीट उचलून पुढच्या घोळक्याकडे वळले.

दर रविवारी संध्याकाळी त्यांचा भाऊ डेनिस गावाहून फोन करी. समारंभानंतरच्या रविवारी मी तिथेच होते. येत्या शरदात सरकारने नेमलेल्या समितीपुढे कुटुंबांनी एकदा येऊन बोलावं असं ठरलं होतं, आणि नोराबाईंनी येऊ नये असं डेनिसचं म्हणणं.

"भविष्याकडे बघ म्हणतो," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "भविष्य आलं की मलाही दिसेलच की. ते काय मला वगळून येणार आहे?"

हसल्या, पण मग बराच वेळ टेबलावरची साखर बोटाने गोळा करत राहिल्या. "सुधा, मी थकले गं," त्या म्हणाल्या. "माझं नाव काढून घ्या म्हणून पुढच्या रविवारी सांगून टाकते."

त्या आठवड्यात आम्ही सान्नोमियाला, शहराच्या मुख्य बाजारात, खरेदीला गेलो होतो. परतीच्या फलाटावर, बाकावर, दोरीच्या मुठींची एक तपकिरी कागदी पिशवी होती. आसपास तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेल्यापासून बेवारस वस्तूंबद्दल घोषणा होत असत; पण घोषणा वेगळ्या आणि नोराबाई वेगळ्या. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. बाकाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून त्या उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या करड्या जपानीत ओरडल्या, "मागे व्हा!" लोक मागे झाले. एवढ्या अधिकाराने हात पसरलेली बाई पाहून काहींनी, कशाची ते न विचारता, रांगही लावली. मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण त्यांच्या पसरलेल्या हातांची बोटं अशी ताणलेली होती की जणू त्या फलाटावरच्या प्रत्येक माणसाला मागे ढकलत नसून एकोणीस वर्षांच्या एकाच मुलीला वळवत होत्या.

स्थानकाची माणसं आली. पिशवीत सुकी मासळी निघाली. मालवण माझं माहेर. मी वासावरूनच ओळखायला हवं होतं. स्थानकप्रमुखांनी लवून आभार मानले, नोराबाईंचं नाव-पत्ता घेतला, पिशवीचा मालक सापडला तर कळवलं चालेल का, असं विचारलं. त्या नुसती मान डोलावत राहिल्या.

रविवारी दुपारी त्यांच्या दारावर टकटक झाली. मी त्यांच्याकडे काकडी चिरत बसले होते. दारात साठीचे एक गृहस्थ, त्या उकाड्यात पूर्ण सुटात, दोन्ही हातांत मिठाईची बांधलेली पेटी. नाव मोरिता. ते कमरेतून वाकले आणि तसेच वाकलेले राहून बोलले.

"ती पिशवी मी ठेवली."

नोराबाईंनी दाराची चौकट धरली.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"पिशवी मी ठेवली. बुटाची नाडी सुटली होती, म्हणून बाकावर ठेवली. नाडी बांधताना गाडी आली, मी चढलो, पिशवी राहिली. चूक पूर्णपणे माझी. आपल्याला फार त्रास झाला."

"बाकाच्या कुठल्या बाजूला ठेवलीत?"

"जिन्याच्या बाजूला."

"कधी लक्षात आलं?"

"अकाशीला उतरल्यावर. हात हलका वाटला."

"मग लगेच का नाही सांगितलंत?"

मोरितांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "लाज वाटली," ते म्हणाले. "बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन सांगा."

त्यांना वाटलं असणार, ही परदेशी बाई आपली खरडपट्टी काढते आहे. त्यांना काय ठाऊक, की समोरची बाई गेली वीसेक वर्षं आपल्या दारात याच वाक्याची वाट पाहत होती, आणि ते चुकीच्या माणसाच्या तोंडून, चुकीच्या देशात, सुक्या मासळीच्या निमित्ताने येऊन पोचलं होतं. नोराबाईही वाकल्या, त्यांच्याइतक्याच खोल. दोघं तशी वाकलेली, मध्ये मिठाईची पेटी, आणि बाहेर किड्यांचा कल्लोळ. बराच वेळ कुणीच आधी वर यायला तयार नव्हतं.

ते गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या. रडत होत्या, पण आवाज साधा होता. "असं असतं तर ते, सुधा. किती छोटं असतं! दारात यायचं आणि सांगायचं."

घरी आल्यावर मी हे नवऱ्याला सांगितलं. "अगं, एक पिशवी विसरला म्हणून एवढं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हो ना. एवढंच."

त्या संध्याकाळी डेनिसचा फोन आला, तेव्हा नोराबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. "मी येते आहे," म्हणाल्या. "खुर्ची ठेव."

शरदात त्या गेल्या. समितीतल्या गृहस्थांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, विचार करू म्हणाले. परत आल्या तेव्हा टेकडीवरची झाडं उघडी पडली होती आणि खालचा समुद्र पत्र्यासारखा राखाडी दिसत होता. चेहऱ्यावर पराभव दिसेल म्हणून मी बघत राहिले. दिसली ती घाई. तिथे एका रांगेत बसलेल्या माणसांकडे बघताना त्यांच्या मनात आलं होतं, की ज्याने ती मोटार उभी केली तोही आता म्हातारा झाला असेल; त्याचेही गुडघे दुखत असतील, त्यालाही नावं आठवत नसतील. त्यानंतर त्या दर शरदात तीच मागणी घेऊन तिकडे जात राहिल्या. पुढे आम्ही पुण्याला परतलो. उत्तर आल्याचं अजून काही माझ्या कानावर नाही.

गेलेलं माणूस एकदाच जातं, असं आपण समजतो. पण ते कसं गेलं हे ज्याला ठाऊक आहे, तोही कुठेतरी एका बंद खोलीत रोज थोडा थोडा विसरत असतो. आणि ज्या दिवशी तो न बोलता जातो, त्या दिवशी कुठलीही घंटा न वाजता ते माणूस पुन्हा एकदा जातं.