एक मिनिट अठरा सेकंद

"घरात चहा कधी होणार ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, पण त्या पन्नास परक्यांना सेकंदासकट वेळ मिळते," नवरा पेपरामागून पुटपुटला.

खोली एवढीशी होती की तिथे पुटपुटलं काय आणि ओरडलं काय, सारखंच. मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लांबी कमी करायला आलेल्या चार पॅन्टी तिने शिलाई मशीनवरून उचलून खुर्चीवर टाकल्या, फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वही उघडली. पावणेचार वाजले होते. आज बुधवार.

मावशी हे तिचं खेळातलं नाव. घरी तिला तसं म्हणणारं कुणी नव्हतं, कारण बहिणीला मूलबाळच नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखावला म्हणून पडून होती, तेव्हा नणंदेच्या सुनेने फोनवर हा किल्ल्यांचा खेळ घालून दिला आणि स्वतः आठ दिवसांत कंटाळून सोडून गेली. मावशी राहिली. राहता राहता पन्नास जणांच्या संघाची वेळ सांभाळणारी झाली. तिचं स्वतःचं सैन्य म्हणाल तर लग्नात वाढप्यांना मदत करणाऱ्या पोरांएवढं. पण वेळ सांभाळावी तिनेच, हे सगळ्यांनी एकमताने मान्य केलेलं.

काम तसं साधं, पण जिवावरचं. बुधवारी चार वाजता मोठ्या किल्ल्यावर हल्ला असे. ज्याचं गाव लांब, त्याच्या सैन्याला पोचायला वेळ जास्त. सगळी सैन्यं एकाच क्षणी येऊन धडकली तर किल्ला पडायचा. मागेपुढे झाली, तर किल्ल्यातले लोक एकेकाला गाठून सोलून काढायचे. म्हणून मावशीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वेळ लिहिलेली होती. वकील, चाळीस सेकंद. (तो वकील नव्हता, भांडायचा तसा.) नर्सबाई, पंचावन्न. आणि सगळ्यांत मोठं सैन्य ज्याचं, ज्याच्यावाचून किल्ल्याचा दरवाजाही हलत नसे, त्या हत्तीचे एक मिनिट अठरा सेकंद. म्हणजे सगळ्यांच्या आधी निघायचं ते हत्तीने. मावशी कॉलवर उलटे आकडे मोजायची, हत्तीची पाळी आली की तीन सेकंद आधी सावध करायची, "हत्ती, बघ," आणि मग, "नीघ!"

ते "बघ" गेला आठवडाभर तिला टोचत होतं.

आधी हल्ला रविवारी असायचा. खेळवाल्यांनी तो दोन महिन्यांपूर्वी बुधवारी चारला आणला, आणि चार वाजता हत्ती शाळेची व्हॅन चालवत असतो. हे काही गुपित नव्हतं. त्यानेच एकदा फोटो टाकला होता: स्टिअरिंगशेजारी चिकटवलेला फोन, खाली लिहिलेलं, 'आपली छावणी'. वरच्या आरशात मागच्या सीटवरची दप्तरं आणि अर्धंच मावलेलं एक छोटं डोकं दिसत होतं. त्या फोटोला चाळीस बदाम मिळाले. त्यातला एक मावशीचा.

संघात एक रीत होती: कोण कुठून खेळतंय हे विचारायचं नाही. नर्सबाई औषधांच्या खोलीत दार लोटून खेळायच्या, वकील ऑफिसच्या संडासात. ज्याचं त्याने बघावं. ही रीत मावशीनेच घालून दिली होती, लोकांना लाज वाटू नये म्हणून. आता त्याच रितीच्या आड सगळे लपून बसले होते, आणि सगळ्यांत पुढे ती स्वतः.

गेल्या बुधवारी तिने "हत्ती, बघ" म्हटलं, आणि कॉलवर एक बारीक आवाज आला. "काका, समोर बघा ना!" मग ब्रेकचा कर्कश आवाज. मग कुणीतरी रडायला लागलं. मग हत्ती म्हणाला, "काही नाही, काही नाही. निघालो." किल्ला पडला. संघाने चॅटवर फटाके उडवले. वकिलाने हसून डोळ्यांतून पाणी काढणारा चेहरा टाकला.

त्या आवाजाबद्दल कुणीच अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नर्सबाईंना फोन केला. "काल तुम्ही ऐकलंत का हो?"

"काय?" नर्सबाईंनी इतक्या पटकन विचारलं की त्यांनी ऐकलं होतं हे मावशीला तिथेच कळलं.

"नाही, काही नाही. आवाज खरखरत होता."

"हो ना. खरखरतच होता," नर्सबाई म्हणाल्या, आणि पुढे दोघी गुडघ्याच्या तेलावर बोलल्या.

मग तिने हत्तीला एकट्याला लिहायला घेतलं. 'गाडी बाजूला लावून खेळतोस ना रे?' असं लिहिलं, पुसलं. शेवटी 'काळजी घे' एवढंच पाठवलं. त्याचा अंगठा आला. अंगठ्याला काय विचारणार?

परवा तिने नवऱ्याला विचारलं होतं, "तीन सेकंदांत गाडी किती पुढे जाते हो?"

"कुठली गाडी?"

"कुठलीही. शाळेची व्हॅन म्हणा."

"वेगावर आहे. तीसेक मीटर धर. इथून त्या सायकलच्या दुकानापर्यंत."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. तेवढ्या रस्त्यात एक बाई बाबागाडी ढकलत होती, दोघे म्हातारे भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होते आणि एक पोरगी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली होती. तीन सेकंद. ते तीन सेकंद कुठले, हे दर बुधवारी मावशी ठरवत होती. रस्त्यावरून त्याची नजर उचलणारी तीच.

चारला सहा मिनिटं कमी असताना कॉल सुरू झाला. एकेक जण आला. मावशीचे तळवे ओले झाले होते. ते तिने पॅन्टीला पुसले, मग गिऱ्हाइकाची आहे हे आठवून दचकली.

"हत्ती आलास का?"

"आलो, मावशी! तयार!" मागे कलकलाट होता. कुणीतरी कुणाचं तरी खोडरबर मागत होतं. आणि त्याखाली टिक टिक, टिक टिक. गाडी वळत होती.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, आवाज जमेल तेवढा सहज ठेवून, "आज हत्तीला विश्रांती देऊ या का? पुढे दुसऱ्याला घालू."

"हत्तीशिवाय?" वकील ओरडला. "मावशी, नवरदेवाशिवाय वरात काढताय का? आज हरलो तर संघ मोडला समजा. अर्धे लोक जायला टपलेत."

ते खरं होतं. संघ मोडला तर बुधवार कसला? पन्नास माणसं तिच्या तोंडाकडे बघत थांबतात, असं आयुष्यात दुसरीकडे कुठे घडलं होतं?

"नर्सबाई, तुम्हाला काय वाटतं?"

नर्सबाईंचा माइक चालू होता. श्वास ऐकू येत होता. "वकील म्हणतात तसं करा," त्या शेवटी म्हणाल्या.

"अहो मावशी, मला कशाला विश्रांती?" हत्ती हसला. "मी एकदम मजेत आहे."

हातात नेहमीची सवय होती. तिने घड्याळ लावलं. "दोन मिनिटं," असं तिच्या तोंडून निघालंही. "एक पन्नास." टिक टिक थांबली होती. आता इंजिनाचा आवाज वाढला होता, सरळ रस्ता लागला असावा. "एक चाळीस." एक मूल मोठ्याने पाढे म्हणत होतं आणि दुसरं मुद्दाम चुकीचे आकडे ओरडत होतं. सगळी व्हॅन खिदळत होती. "एक तीस."

नवऱ्याने पेपर खाली केला. "अगं, तुला घाम का सुटलाय?"

एक पंचवीस. एक बावीस. वहीत 'एक अठरा'च्या खाली तिने लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. एक एकवीस. इथे "हत्ती, बघ" म्हणायचं. तिने तोंड उघडलं आणि काहीच बोलली नाही.

"मावशी?" वकील म्हणाला. "मावशी, वेळ जातेय! बोला!"

"मावशी, आवाज गेला का तुमचा?" हत्ती म्हणाला. "थांबा, मी फोन बघतो."

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की नवरा खुर्चीवरून उठलाच. "फोनकडे बघू नकोस. समोर बघ. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव आणि गाडी बाजूला घे. आधी बाजूला घे."

पाढे थांबले. इंजिनाचा आवाज हळूहळू उतरत गेला, मग हँडब्रेक ओढल्याचा कटकट आवाज आला. चार वाजून गेले. किल्ला उभाच राहिला.

"मावशी, काय झालं?" हत्तीचा आवाज बारीक झाला होता.

"तू गाडी चालवतोस," मावशी म्हणाली. "मागे मुलं बसलेली असतात. गेल्या बुधवारी त्यातलं एक ओरडलं, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे रे. तरी मी तुला 'बघ' म्हणत राहिले."