चढणाऱ्याला वाट

ताईने गाडीवरून सायकली उतरवल्या, तिथे टेकडीच्या पायथ्याशी तीन पाट्या होत्या. निळी सोप्या वाटेची, लाल अवघड वाटेची, आणि काळी मुरलेल्या सायकलस्वारांसाठी. ताईने सायकल निळीकडे वळवली, तसं धाकट्याने तोंड वाकडं केलं.

"निळी काय गं, बाबागाडी ढकलायची वाट ती! लालवरून जाऊ."

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठवडाभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून तिची मान आखडली होती, वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय सायकल त्याला तिनेच शिकवलेली. पठ्ठ्या आता आपल्यापुढे गेला, याचं कौतुकही होतंच.

"चल बाबा. पण चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची."

"पाठ आहे मला!"

लाल वाट अरुंद, मुळांनी आणि दगडांनी भरलेली. धाकटा वाऱ्यासारखा सुटला. एका खड्या उतारावर ताईचा धीर सुटला आणि ती सायकल हातात धरून चालू लागली. त्यामुळेच खालचं वळण तिला स्वच्छ दिसलं. एक बाई धापा टाकत सायकलवरून चढत होती. धाकट्याने ब्रेकला हातही लावला नाही.

"बाजूला!" तो ओरडला.

बाईने घाईने हँडल वळवलं, चाक मुळात अडकलं आणि ती खांद्यावर आदळली. त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो झाडीत दिसेनासा झाला.

ताई धावली. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईने आपल्या जाकिटाच्या बाह्यांची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधला आणि मदतीसाठी फोन केला.

"तो मुलगा तुमच्याबरोबरचा का?" बाईने विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. इथे कोण बघायला होतं?

"माझा सख्खा भाऊ," ताई म्हणाली.

बाईने तोंड फिरवलं. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईने धाकट्याला फोन लावला. "सायकल ठेव आणि चालत वर ये."

"अगं, मी तिला धक्कासुद्धा लावला नाही!"

"म्हणजे पडलेली दिसली होती तुला."

स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांमागून तो आला, मान खाली घालून.

"सॉरी. मला वाटलं, तुम्ही सरकाल."

"सरकलेच की," बाई म्हणाली.

त्याने स्ट्रेचरला हात लावला, खालपर्यंत सोडला नाही. दवाखान्यात कळलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. बाई केस कापायचं काम करायची; उजवा हात बरेच दिवस उचलता येणार नव्हता. धावत आलेल्या तिच्या नवऱ्याने धाकट्याकडे नुसतं पाहिलं.

गाडीत बसल्यावर ताईला वाटलं, पोरगा आता रडेल. तिने पाण्याची बाटली पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

"ताई, मी तुझा भाऊ आहे हे तिला सांगायची काय गरज होती?"

ताईने गाडी सुरू केली होती, पण गिअर टाकायला तिचा हात उचलेना.