निजून केलेलं भाषण

लाफाएले माझा धाकटा भाऊ, आमच्या घराण्याचा वक्ता. लग्न असो की मयत, आमच्या वतीनं उभं राहून बोलायचं ते त्यानंच. त्याच्या मेंदूत गाठ निघाली. ऑकलंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलण्याच्या जागेला लागून आहे. जागा नेमकी कळली तर ती वाचवून कापीन. नाहीतर वाचा जाऊ शकते."

त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही म्हणे. एमआरआयच्या नळीत निजायचं, हलायचं नाही, मनातल्या मनात भाषण करायचं. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे रक्त धावतं, आणि पडद्यावर तेवढाच उजळतो.

पडदा काही उजळेना. मशीनवरची ब्रॉनविन दोनदा सांगून थकली. मग मी माईक ओढला. "काय रे, घोरतोयस का?"

"नाही अक्का, वाट बघतोय."

"कुणाची?"

"इथं मी पाहुणा ना? यजमानानं स्वागत केल्याशिवाय मी कसा बोलू? आणि तेही आडवा पडून!"

ब्रॉनविनला हसू फुटलं. मला नाही. चूक त्याची नव्हती, त्याला ही रीत शिकवणारीची होती, आणि ती मीच.

आमच्या सावाई बेटावर, फणसाच्या झाडाखाली तो दहा वर्षांचा असताना वक्ते खांद्यावर चवर टाकतात तसा काथ्याचा झुपका टाकून भाषणं घोकायचा. समोर यजमान मी. आईशेजारी चटया विणता विणता सगळ्या सरदारांची भाषणं मला पाठ झाली होती. शाळेत मी चारच इयत्ता शिकले, पण याला मी शिकवलं. भाषणात ओळीनं घ्यायच्या सरदारांपैकी तिसऱ्याच्या नावाशी हा दर वेळी अडखळायचा, आणि मी नारळाचं सोडण फेकून मारायची.

त्याचा वक्त्याचा चवर मी पिशवीतून आणलाच होता. निव्वळ काथ्या, लोखंड नाही. ब्रॉनविननं तो तपासून त्याच्या छातीवर ठेवला. मग मी माईकवर आमच्या गावाचं स्वागत म्हटलं, पहिल्या सरदारापासून समुद्रापर्यंत. थोरल्या बहिणीचं स्वागत अनुत्तरित ठेवायची त्याची काय बिशाद!

पडद्यावर डावीकडे, गाठीच्या मागच्या अंगाला, निखारे फुलल्यासारखं झालं.

"मिळाली जागा," ब्रॉनविन म्हणाली.

ऑपरेशननंतर दोन दिवस तो नुसता बघत राहिला. डॉक्टरीणबाई धीर देत होत्या. तिसऱ्या सकाळी मी खाटेपाशी उभी राहिले आणि पुन्हा तेच स्वागत म्हटलं.

त्याचे ओठ हलले. "उशी लाव. निजून नाही बोलणार."

टेकवून बसवला. आवाज बारीक होता, पण शब्द आले, ओळीनं आले. मग तिसऱ्या सरदाराशी थांबला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"घाबरू नका हो," मी म्हटलं, "ते नाव साठ वर्षांत त्याला कधी आठवलेलं नाही."

सोडण हाताशी नव्हतं. त्याचाच पायमोजा फेकून मारला.